कातरवेळेची भूक: टेन्शन आलं की खा-खा होते त्यांच्यासाठी पहिले दोन महिने

साडेसहाला नाशिकच्या सातपूरमधून गाडी काढायची. त्र्यंबक रोड, मायको सर्कल, मुंबई नाका, इंदिरानगर. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खोदायला घेतल्यापासून एवढ्या वाटेला पाऊण तास ठरलेला. घरात शिरायचं, पर्स सोफ्यावर टाकायची आणि हातपाय धुवायच्या आधीच एक हात डब्यात. भत्ता, शेव, कालची नानकटाई, जे सापडेल ते. उभ्यानंच, ओट्याला टेकून, मोबाइल बघत. साडेआठला सगळे जेवायला बसले की त्यांच्याबरोबर पुन्हा दोन पोळ्या, भाजी, वरण-भात. डब्यात हात घालताना भूक नव्हती आणि ताटावर बसतानाही नव्हती.

माझं हे जवळजवळ चार वर्षं चाललं. मी एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. जीएसटीच्या तारखा, ऑडिट, मार्चअखेर आणि 'तेवढं आजच्या आज हवंय' म्हणणारे साहेब. वजन नऊ किलोनं वाढलं आणि एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी, 6.1 आली. (5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा.) मग एका सोमवारी गोड, तळलेलं, मैद्याचं, सगळं एकदम बंद केलं. अकरा दिवस टिकलं. बाराव्या दिवशी घरात आलेल्या अर्धा किलो जिलेबीतली निम्मी एकटीनं संपवली आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

त्यानंतर जे जमलं ते इथं क्रमानं लिहिते. क्रमाला महत्त्व आहे. बहुतेक जण थेट 'आजपासून बंद'वर उडी मारतात आणि तोंडावर पडतात. आणखी एक आधीच सांगते: मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, गरोदर असाल किंवा पूर्वी मुद्दाम उपाशी राहण्याचा, उलट्या काढण्याचा त्रास होऊन गेला असेल तर जेवणाच्या वेळा आणि प्रमाण डॉक्टरांशी बोलूनच बदला.

पहिले आठ दिवस: काही बदलू नका, लिहा

एक छोटी वही घ्या. मोबाइलवरही चालेल, पण मोबाइल उघडला की माणूस भलतीकडेच जातो हा माझा अनुभव. जेव्हा जेव्हा जेवणाव्यतिरिक्त काही तोंडात टाकाल तेव्हा तीन गोष्टी लिहायच्या: वेळ, काय खाल्लं आणि त्याच्या आधीच्या पाच मिनिटांत काय चाललं होतं. कॅलरी लिहायच्या नाहीत. वजनकाटा या आठ दिवसांत कपाटाखाली सरकवून द्या.

माझ्या वहीतला एक दिवस असा आहे:

मंगळवार, 4.10. क्रीमचा बिस्किटपुडा. साहेबांचा फोन ठेवला.
7.20. भत्ता, दोन वाट्या. घरी आले. काही झालं नाही.
10.45. गूळ. मग आणखी गूळ. मुलाच्या फीचा मेसेज.

मला वाटायचं मी दिवसभर चरत असते. वहीनं ते खोटं ठरवलं. सकाळभर मी व्यवस्थित होते. गोंधळ दोन-तीनच वेळांना होता आणि त्यातली मोठी म्हणजे ही सातची. गंमत म्हणजे त्या वेळेपुढे जवळपास रोज 'काही झालं नाही' असंच लिहिलेलं. आपल्याकडे या वेळेला कातरवेळ म्हणतात, उगाच नाही. दिवस संपलेला असतो, कामाचा ताण अंगातून उतरलेला नसतो आणि घराची दुसरी पाळी अजून सुरू व्हायची असते. त्या फटीत मी खात होते.

तुमची कातरवेळ संध्याकाळचीच असेल असं नाही. आमच्याच कंपनीतला रात्रपाळीचा एक मुलगा पहाटे तीनला कँटीनचे वडे खातो. माझ्या जावेची वेळ सकाळी अकराची आहे, सगळे बाहेर पडले आणि घर एकदम गप्प झालं की. कॉलेज रोडच्या क्लासेसमधल्या पोरांना विचारा, त्यांची वेळ टेस्टचे मार्क लागले की. वेळ कुठलीही असो, आठ दिवसांत ती वहीत दिसतेच, आणि पुढचं सगळं काम त्या एका वेळेवरच करायचं आहे.

लिहिताना एक छोटी परीक्षा करत जा. 'आत्ता समोर पिठलं-भाकरी ठेवली तर खाईन का?' उत्तर हो आलं तर भूक पोटाची आहे, जेवून घ्या. 'छे, मला शेवच हवी' असं आलं तर भूक डोक्याची. पोटाची भूक हळूहळू चढते आणि तिला काहीही चालतं. डोक्याची भूक एकदम येते, पदार्थाचं नाव घेऊन येते आणि पोट तुडुंब झालं तरी जात नाही. पुष्कळदा दोन्ही हातात हात घालून येतात, तेव्हा नोंदीत दोन्ही लिहा आणि सोडून द्या.

हे असं होतं तरी का

अचानक धक्का बसला तर भूक मरते. परीक्षेच्या हॉलबाहेर घास उतरत नाही, ते अ‍ॅड्रिनलीनचं काम. पण ताण आठवडेच्या आठवडे रेंगाळला की कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक वर राहतं, ते भूक वाढवतं आणि ओढ लागते ती गोड-तेलकटाची. टेन्शनमध्ये काकडी खावीशी वाटली असं मी तरी कुणाकडून ऐकलं नाही. गोड-तेलकट खाल्लं की थोडा वेळ खरंच बरं वाटतं, मेंदू ते लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी आपणहून तीच वाट दाखवतो. त्यात आपलं बाळकडू. पडलो-रडलो की हातात लाडू, पाहुणे गेले की उरलेला शिरा, पास झालो की पेढे.

म्हणजे खाणं तुमचं एक काम इमानेइतबारे करत होतं. स्वतःला हावरट म्हणून ते काम थांबत नाही. ते दुसऱ्या कशाकडे तरी सोपवावं लागतं.

दुसरा आठवडा: आधी पोट भरा

ही पायरी लोकांना उलटी वाटते. खाणं कमी करायचंय आणि ही बाई खायला सांगतेय.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 मध्ये अँसेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून पाहिलं. ती सगळी आपणहून पुढे आलेली, धडधाकट मुलं होती. काही आठवड्यांत त्यांच्या बोलण्यात, वाचण्यात, स्वप्नातसुद्धा खाण्याशिवाय काही उरलं नाही. काहींनी पाककृती जमवायला सुरुवात केली. प्रयोग संपल्यावर त्यातले काही जण पोट भरलं तरी खातच राहिले. ही मुलं काही चटोर नव्हती. उपाशी ठेवलेल्या कुणाचंही असंच होतं. आपल्याकडे हे सांगायला प्रयोगशाळा लागली नाही, 'एकादशी अन् दुप्पट खाशी' आजीला ठाऊकच होतं. माझे अकरा दिवस आणि बाराव्या दिवशीची जिलेबी हा त्याचाच घरगुती प्रयोग.

वहीत आणखी एक गोष्ट दिसली. माझा डबा पावणेएकला आणि रात्रीचं जेवण साडेआठला. मध्ये पावणेआठ तास, आणि त्यात चहा-बिस्किटं. सातला घरी येणारी बाई डोक्यानं थकलेली होती, तशीच पोटानंही रिकामी होती. अशा वेळी मनाशी कुस्ती खेळण्यात अर्थ नाही.

म्हणून या आठवड्यात एकच करायचं: कातरवेळेच्या दीड-दोन तास आधी ठरवून, बसून, काहीतरी भरीव खायचं. मी पाचला खाते. मूठभर फुटाणे-शेंगदाणे, नाहीतर एक पेरू आणि थोडे दाणे, मोड आलेल्या मटकीला कांदा-लिंबू लावून वाटीभर, किंवा उकडलेलं अंडं. थंडीत घरून नागलीचं आंबील नेते. आपल्या पेठ-सुरगाणा-त्र्यंबकच्या पट्ट्यात पिकणारी नागली शहरात सहज मिळते आणि तिनं पोट बराच वेळ भरल्यासारखं वाटतं. द्राक्षांच्या हंगामात द्राक्षं खाल्लीत तर खा, पण सोबत दाणे घ्या. नुसती द्राक्षं खाल्ली की मला तासाभरात पुन्हा काहीतरी शोधावंसं वाटतं.

दुपारच्या डब्यातही बघा. दोन पोळ्या आणि बटाट्याची सुकी भाजी हा पटकन होणारा डबा आहे, पण तो चारपर्यंतही पुरत नाही. एक वाटी उसळ किंवा घट्ट वरण आणि काहीतरी कच्चं, एवढी भर घातली तरी संध्याकाळ वेगळी जाते.

आणि मिसळ? नाशिकमध्ये राहून हा प्रश्न चुकत नाही. रविवारी सकाळी गंगापूर रोडच्या मळ्यांमध्ये मिसळ खायला जाणं हा आमच्याकडे धार्मिक कार्यक्रम आहे आणि मी तो बंद केलेला नाही. मोड आलेली मटकी हे उत्तम अन्न आहे. भार पडतो तो फरसाण, वरची तर्री, दुसरी पावजोडी, पापड आणि शेवटच्या जिलेबीचा. मी फरसाण वेगळं मागते आणि लागेल तेवढं घालते, रस्सा दुसऱ्यांदा घेते पण तर्री बाजूला सारून, आणि जिलेबी दोघांत एक प्लेट. 'मिसळ कधीच नाही' असं ठरवलं असतं तर मंगळवारपर्यंत स्वप्नात मिसळ आली असती, त्या मिनेसोटाच्या पोरांसारखी.

खाताना फोन बाजूला ठेवा. जेवणाआधी हात जोडून श्लोक म्हणायची पद्धत अनेक घरांत होती, आमच्याकडे मुलं शाळेत गेल्यावर ती मोडली. देवाधर्माचं तुम्ही बघा, पण त्या वीस सेकंदांत माणूस ताटाकडे बघायचा तरी.

तिसरा आठवडा: त्या अर्ध्या तासाची नवी मांडणी

आता खरं काम. खाण्याची ऊर्मी ही चढते आणि ओसरते. व्यसनांवर काम करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लाट तिला लाट म्हणत आणि लाटेशी न भांडता तिच्यावर तरंगायला शिकवत. नाशिककरांना समुद्र लांब. आपल्याला रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती आहे. गोदेला पाणी आलं की आपण मीटर विचारत नाही. मारुतीच्या गुडघ्यापर्यंत आलंय, कमरेला लागलंय, छातीपर्यंत गेलंय, असं सांगतो. मी ऊर्मी तशीच मोजते. डब्याकडे हात जायच्या आधी स्वतःला विचारायचं, पाणी कुठवर आलंय? आणि वहीत तेवढंच लिहायचं: 'कमरेपर्यंत.' ऐकायला पोरकट वाटेल. पण मोजायला उभं राहिलेला माणूस तेवढ्या वेळात पुरात उतरत नाही. आणि पाणी उतरतं, धरणाचं पाणी सोडणं थांबलं की उतरतंच. माझं बहुधा पंधरा मिनिटांत उतरतं.

ती पंधरा मिनिटं काढायची कशी, हे आधीच ठरवून ठेवायला हवं. ऐन वेळी डोकं चालत नाही. पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं 1990च्या दशकात दाखवलं की 'मी व्यायाम करेन' अशा मोघम निश्चयापेक्षा 'अमुक झालं की मी तमुक करेन' असं वेळ-जागेसकट ठरवलेलं वाक्य जास्त पाळलं जातं. माझं वाक्य असं होतं: 'पार्किंगमध्ये गाडी लावली की पाच मिनिटं गाडीवरच बसेन, मग घरात गेल्यावर स्वयंपाकघराऐवजी आधी न्हाणीघरात जाईन.'

गाडीवर बसून काय करायचं? चार अंक मोजत श्वास आत, सहा अंक मोजत बाहेर. श्वास सोडणं लांबवलं की हृदयाची गती जरा खाली येते, एवढं साधं त्यामागचं शास्त्र. दहा-बारा वेळा. सोसायटीचे वॉचमन काका पहिले दोन दिवस येऊन विचारून गेले, 'ताई, गाडी बंद पडली का?' नंतर त्यांना सवय झाली.

मग न्हाणीघर, तोंडावर पाणी, कपडे बदलणं. हे बाहेरून येऊन हातपाय धुणं आजी सांगायची तेव्हा जाच वाटायचा. आता कळतं की ऑफिस उंबऱ्याबाहेर ठेवायची ती रीत होती.

पण यानंतरही पाणी कमरेला असेल तर? इथं प्रत्येकाचं वेगळं. नुसतं 'लक्ष दुसरीकडे वळवा' या सल्ल्याचा मला राग येतो, कारण कुठलं दुःख आहे हे न बघता एकच गोळी दिल्यासारखं ते आहे. थकवा असेल तर पंधरा मिनिटं आडवं व्हा, अपराधी न वाटता. राग असेल तर अंग हलवा, जिने उतरा-चढा, पाण्याचा कॅन भरून आणा. एकटेपणा असेल तर फोन लावा, मेसेज नको, आवाज ऐका. कंटाळा असेल तर हाताला काम द्या, मी मेथी निवडते. चिंता असेल तर ती कागदावर काढा: काय होईल, कधी होईल, उद्या सकाळी त्याचं काय करणार. फीच्या मेसेजवर गूळ खाण्यापेक्षा 'शनिवारी एफडी मोडायची' एवढं लिहून मी जास्त शांत झोपले.

पंधरा मिनिटांनंतरही खावंसं वाटलं तर खा. हे गंमत म्हणून लिहीत नाहीये. वाटीत काढा, डब्यातून थेट नाही, खुर्चीवर बसा आणि चव घेत खा. ही मांडणी सुरू केली त्या आठवड्यात मी सातातले पाच दिवस शेवटी खाल्लंच. फरक एवढाच होता की दोन वाट्यांऐवजी एक आणि उभ्याऐवजी बसून. तेवढा फरक पुरे.

घर आणि घरची माणसं

एकट्याचं घर असेल तर सोपं आहे, डबे दिसणार नाहीत असे ठेवा, मोठा पुडा आणण्याऐवजी छोटा आणा, खाणं मागवायच्या अ‍ॅपमधून कार्डाची माहिती काढून टाका म्हणजे दर वेळी नव्यानं भरावी लागेल. चारचौघांच्या घरात मात्र डबा हा प्रेमाचा प्रश्न असतो. माझ्या सासूबाई सिन्नरच्या. त्यांच्या लेखी घरात चिवड्याचा डबा रिकामा असणं म्हणजे घरावर संकट.

मी म्हटलं, "आई, डबे वरच्या फडताळात ठेवू का?"

"म्हणजे मी या वयात स्टुलावर चढू?"

"तसं नाही हो. मला समोर दिसले की हात जातो."

"मग जाऊ दे की हात. दिवसभर राबून येतेस. दोन घास खाल्ले तर काय बिघडलं?"

बरेच दिवस हे असंच. मग एकदा मी त्यांना वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून सगळी वाचली आणि म्हणाल्या, "अगं, हे तर माझंच आहे. तुझे सासरे गेले तेव्हा मी रात्री उठून साखर खायचे." हे मला लग्नाच्या सोळाव्या वर्षी कळलं. त्या दिवसापासून डबे त्यांच्या खोलीतल्या कपाटात आहेत. मागितलं की देतात, नाही म्हणत नाहीत, पण आधी विचारतात, "भूक लागलीय की साहेब ओरडलाय?"

तुमच्या घरी कपाट नसेल, सासूबाई अशा नसतील. मुद्दा एवढाच की घरातल्या एका तरी माणसाला सांगा, आणि काय मदत हवी तेही नेमकं सांगा. 'मला खाऊ देऊ नका' असं सांगाल तर ते पोलीस होतात आणि मग आपण चोर. 'आग्रह एकदाच करा' किंवा 'सातला मी आले की दहा मिनिटं कुणी काही विचारू नका' हे पाळता येतं. लग्न-बारशांत आग्रह मोडणं कठीण असतं, तिथं मी ताटात थोडं शिल्लक ठेवूनच बसते. रिकामं ताट दिसलं की वाढपी धावून येतो.

चहा आणि झोप

चहाचं गणित करून बघा. कपाला दोन चमचे साखर, दिवसाला पाच कप, म्हणजे दहा चमचे, चाळीस-पन्नास ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला साधारण 25 ग्रॅमच्या आत असलेली बरी म्हणते. मी एका महिन्यात दोन चमच्यांवरून पाऊणवर आले, दर आठवड्याला थोडी कमी करत. एकदम बंद केलं असतं तर चहाच सोडावा लागला असता आणि ते मला मान्य नाही. संध्याकाळी पाचनंतरचा चहा मात्र सोडला, झोपेसाठी.

झोप कमी झाली की भूक लावणारं घ्रेलिन वाढतं आणि 'पुरे' सांगणारं लेप्टिन घटतं. पाच तास झोपलेल्या माणसानं दुसऱ्या दिवशी वड्यासमोर संयम दाखवावा ही अपेक्षाच चुकीची आहे. अंबड-सातपूरच्या शिफ्टवाल्यांची यात खरी पंचाईत असते. दर आठवड्याला पाळी बदलते तिथं मी काय सांगणार? आमच्या त्या रात्रपाळीच्या मुलानं दोन गोष्टी केल्या: घरून डबा नेऊन मध्यरात्रीच्या आसपास नीट जेवायला लागला, आणि सकाळी घरी जाऊन जड नाश्ता न करता हलकं खाऊन, खोलीत अंधार करून झोपायला लागला. तीनचे वडे पूर्ण सुटले नाहीत, पण चारावरून दोनवर आले.

चालणं, पण शिक्षा म्हणून नको

'काल जिलेबी खाल्ली, आज दहा फेऱ्या' हा हिशेब मांडला की चालणं म्हणजे दंड होतो आणि दंड कोण आनंदानं भरतं? चालायचं ते डोकं हलकं व्हावं म्हणून. सुरुवातीला दहा मिनिटं बस्स. गोल्फ क्लबचं मैदान, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पहाटेपासून चालणाऱ्यांनी भरलेलं असतं, नवख्याला लाजायचं कारण नाही. पंचवटीकडचे लोक तपोवनात जातात, गंगापूर रोडचे सोमेश्वरला. मी रविवारी पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढते. पहिल्यांदा तीनदा बसले होते. वर लेण्यांच्या ओसरीत बसून खाली पाथर्डी फाटा आणि हायवे बघताना सोमवारची भीती जरा लांब गेलेली असते. आठवड्यात मधल्या दिवशी जेवणानंतर सोसायटीतच दहा मिनिटं. याचा फायदा रक्तातल्या साखरेलाही होतो.

डॉक्टर कधी गाठायचे

वही-श्वास-फुटाणे सगळ्यांना पुरत नाहीत. आठवड्यातून एकदा तरी, आणि असं सलग तीन महिने, थोड्या वेळात प्रचंड खाल्लं जातं, थांबता येत नाही, लपून खाता, नंतर स्वतःची किळस येते, असं असेल तर तो 'बिंज इटिंग' नावाचा ओळखला गेलेला आजार असू शकतो. 2013 पासून मानसोपचाराच्या मुख्य वर्गीकरणात त्याला स्वतंत्र जागा आहे आणि त्यावर उपचार आहेत. खाल्लेलं उलटी करून काढत असाल, दिवसच्या दिवस उदास जात असतील किंवा जगू नये असं वाटत असेल तर वाट बघूच नका. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर चोवीस तास, फुकट आहे आणि मराठीतून बोलता येतं. त्र्यंबक नाक्याजवळच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. स्टिरॉइड्स आणि मनाच्या आजारावरच्या काही गोळ्यांनीही भूक वाढते. तसं वाटलं तर डॉक्टरांना सांगा, गोळी आपल्या मनानं थांबवू नका. थायरॉइड आणि साखर एकदा तपासून घ्या, नाहीतर शरीराच्या दुखण्याला आपण उगाच मनाचं नाव देत बसू.

मोडलं तर

मोडेल. दिवाळी येईल, मार्च येईल, घरात कुणी आजारी पडेल. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 लोकांच्या सवयींचा मागोवा घेतला होता, ते 2010 मध्ये छापून आलं. सवय अंगवळणी पडायला मधला आकडा 66 दिवसांचा निघाला, पण कुणाला 18 लागले आणि कुणासाठी अंदाज 254 पर्यंत गेला. त्यातलं मला सगळ्यात उपयोगी पडलं ते वेगळंच: मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडला नव्हता. घात होतो तो 'आता मोडलंच आहे तर होऊ दे' या वाक्यानं. एक वडा खाल्ला होता, त्या वाक्यामुळे चार होतात. म्हणून नियम असा की मोडल्यावरचं पुढचं जेवण वेळेवर आणि नेहमीएवढंच घ्यायचं. उपास नको, भरपाई नको, रात्री नुसतं ताक पिऊन झोपणं नको.

वजन पंधरा दिवसांतून एकदा, त्याच वारी, सकाळी. वही रोज, पण दोन महिन्यांनंतर मी फक्त कातरवेळेची नोंद ठेवायला लागले. या मार्चअखेरीची पानं आत्ता समोर आहेत. एकोणतीस तारखेला लिहिलंय: '9.40 ला घरी. छातीपर्यंत. आईंकडे भत्ता मागितला. साहेब ओरडलाय म्हटलं. त्यांनी वाटीभर दिला आणि शेजारी बसल्या.' तीस तारखेला: 'कमरेपर्यंत.' आणि एकतीसला, सगळं बंद करून रात्री अकराला घरी आले तेव्हा पानावर फक्त वेळ आहे, पुढे काही लिहायचं राहिलंय. बहुतेक झोपले असेन.